नरक्या, नंदुरबारचे वाणी आणि अडकलेलं एन्झाइम

निमोण्यात रसायनशास्त्रावर बोलायला तत्त्वज्ञानाचा मास्तर कशाला आणला, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे, आणि तो रास्त आहे. आजचा विषय कॅन्सरच्या एका औषधाचा इतिहास आहे. ते औषध डीएनएची मोडतोड करतं, एका एन्झाइमला अडवतं, हे सगळं रसायन झालं. पण या इतिहासात मध्ये एक पेच आहे, तो आमच्या धंद्यातला आहे. एखादी गोष्ट ‘अमक्यामुळे झाली’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? हा पेच न सुटल्यामुळे एक चांगलं औषध पंधराएक वर्षं कपाटात पडून राहिलं. त्या पंधरा वर्षांची ही हकिकत आहे. तिच्यात नंदुरबारचा एक माणूस आहे आणि आपल्या सह्याद्रीतलं एक घाण वासाचं झाड आहे.

सुरुवात दोरापासून करू. आमच्या वयाच्या मंडळींनी मोट पाहिली आहे, मोटेचा नाडा पाहिला आहे, घरी दोर वळलेही असतील. दोन पदरी दोर घ्या. पलीकडचं टोक खुंटीला घट्ट बांधा आणि अलीकडून दोन्ही पदर धरून वेगळे ओढायला लागा. हातभर सुटतात, फार तर दोन हात. पुढे मात्र पीळ साठत जातो, दोर स्वतःभोवतीच वळ्या घालायला लागतो आणि पदर काही केल्या सुटत नाहीत. सोडवायचे कसे? पलीकडचं टोक मोकळं करून फिरवायचं, किंवा मधे कुठेतरी एक पदर कापायचा, पीळ सुटू द्यायचा आणि कापलेली टोकं पुन्हा जोडायची.

डीएनए हा असाच दोन पदरी दोर आहे. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी त्याची रचना मांडली. माणसाच्या एका पेशीत हा दोर उलगडला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि त्याला साठ कोटींच्या आसपास पीळ असतात. पेशी दुभंगताना हे पदर वेगळे व्हावे लागतात, तेही काही तासांत आणि गुंता न होता. लगेच १९५४ मध्ये मॅक्स डेलब्रुक या शास्त्रज्ञाने नेमकी हीच अडचण पुढे केली, की पीळ सोडवायचा तर दोर मध्येच तोडून पुन्हा सांधावा लागेल. त्या वेळी असं काही करणारं पेशीत कुणाला माहीत नव्हतं. हा प्रश्न इथे तसाच ठेवू आणि जरा मागे जाऊ.

कॅन्सरवरच्या औषधांची दोन जुनी घराणी आहेत. पहिलं घराणं युद्धातून आलं. पहिल्या महायुद्धात १९१७ साली बेल्जियममध्ये ईप्र इथे मस्टर्ड गॅस वापरला गेला. पुढे लक्षात आलं की त्या वायूने होरपळलेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात गिलमन आणि गुडमन यांच्या गटाने त्याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या रुग्णाला टोचलं. गाठी वितळल्या. पुन्हा वाढल्या, पण वितळल्या हे खरं. हे रसायन डीएनएच्या पदरांना थेट चिकटतं, कधी दोन्ही पदर एकमेकांना शिवून टाकतं. सरळ घाव.

दुसरं घराणं उपासमारीचं. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या गटाने फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी बनावट रसायनं तयार केली. त्यातलं ॲमिनोप्टेरिन बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांना दिलं आणि १९४८ साली निष्कर्ष छापले. एका एन्झाइमच्या खोबणीत हे बनावट रसायन जाऊन बसतं, खरं रसायन बाहेर ताटकळतं, पेशीला डीएनए बांधायला सामान मिळत नाही. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. आम्ही बोलताना एन्झाइमच म्हणू, कारण दवाखान्यातही तुम्हाला तोच शब्द ऐकू येईल.

म्हणजे एक घराणं डीएनएवर घाव घालणारं, दुसरं एन्झाइमला अडवणारं. आता अडवणं म्हणजे काय, यावर आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी मोठा वाद झाला आहे. न्यायशास्त्रातलं ते प्रसिद्ध उदाहरण. अग्नी जाळतो, पण जवळ चंद्रकांत मणी ठेवला तर जाळत नाही, असं मानलं जाई. मीमांसक म्हणत, अग्नीत जाळण्याची ‘शक्ती’ असते आणि मणी ती नष्ट करतो. उदयनाचार्यांसारखे नैयायिक म्हणत, वेगळी शक्तीबिक्ती मानायची गरज नाही. मणी हा ‘प्रतिबंधक’ आहे, आणि प्रतिबंधक नसणं हेही जळण्याच्या कारणांपैकीच एक कारण धरा. मणी खरोखर असं करतो का, हे सोडून द्या. ‘प्रतिबंधक’ हा शब्द तेवढा लक्षात ठेवा. ॲमिनोप्टेरिन हे शुद्ध प्रतिबंधक आहे. एन्झाइमचं काम थांबतं आणि त्या कामाच्या अभावाने पेशी मरते.

आता आपल्या गोष्टीतला माणूस. मनसुख वाणी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ चा, नंदुरबारचा. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९८ उजाडलं. वाणींनी मुंबई विद्यापीठातून १९४७ साली पदवी घेतली, १९५० साली एम.एस्सी. केलं, मुंबईतच काही वर्षं कॉलेजात शिकवलं आणि मग अमेरिकेला गेले. इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली १९६२ साली, म्हणजे वयाच्या सदतिसाव्या वर्षी. ज्यांना आपल्या मुलाचं शिक्षण लांबलं म्हणून झोप लागत नाही त्यांनी हे वय ऐकून ठेवावं. त्याच वर्षी ते नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. तिथे त्यांना वरिष्ठ सहकारी भेटले मनरो वॉल.

वॉल आधी अमेरिकेच्या शेतीखात्यात होते. कॉर्टिझोन बनवायला उपयोगी पडतील अशी द्रव्यं वनस्पतींत शोधणं हे त्यांचं काम. त्यासाठी हजारो वनस्पतींचे अर्क त्यांनी काढून ठेवले होते. त्यातले हजारभर अर्क कॅन्सरवर चालतात का बघा म्हणून राष्ट्रीय कॅन्सर संस्थेकडे पाठवले. १९५८ च्या सुमारास एका अर्काने उंदरांमधली गाठ रोखून दाखवली. तो होता कॅम्प्टोथेका या चिनी झाडाचा. चिनी लोक त्याला आनंदवृक्ष म्हणतात. हे झाड कॅलिफोर्नियात चिको इथल्या सरकारी बागेत लावलेलं होतं. शेतीखात्यात कॅन्सरचं काम पुढे रेटता येईना, म्हणून वॉल १९६० मध्ये नव्या संस्थेत आले. त्या झाडाचं वीस किलो लाकूड आणि साल हाती यायला १९६३ साल लागलं.

वाणी आणि वॉल यांची पद्धत साधी पण चिकाटीची होती. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग उंदरांवर तपासायला पाठवायचा, ज्या भागात गुण दिसेल त्याचे पुन्हा भाग पाडायचे. धान्य पाखडत पाखडत शेवटी एकच दाणा सुपात उरावा, तसं. १९६६ साली तो दाणा हाती आला, त्याची रचना ठरली आणि त्याला नाव दिलं कॅम्प्टोथेसिन. पाच कड्यांचा चपटा रेणू. शेवटचं, पाचवं कडं लॅक्टोन जातीचं आहे. त्या कड्याकडे लक्ष ठेवा, पुढचा सगळा घोटाळा तिथेच आहे. याच जोडीने १९७१ साली यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉल शोधलं, जे आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये जगभर देतात. एकाच जोडीच्या हातून दोन मोठी औषधं निघावीत, ही गोष्ट औषधशास्त्राच्या इतिहासात दुर्मीळ आहे. महाराष्ट्रात मात्र वाणींचं नाव किती पाठ्यपुस्तकांत आहे ते तुम्हीच शोधा.

उंदरांतला रक्ताचा कॅन्सर कॅम्प्टोथेसिनने चांगलाच हटत होता. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि जे विरघळत नाही ते शिरेतून द्यायचं कसं? यावर सोपा तोडगा निघाला. क्षार मिसळला की ते पाचवं कडं उघडतं आणि सोडियमचं विरघळणारं मीठ तयार होतं. हे मीठ १९७० च्या आसपास रुग्णांना द्यायला सुरुवात झाली. सुरुवातीला थोडी आशा वाटली, मग निराशा. गाठी फारशा कमी होत नव्हत्या. उलट रक्तपेशी घटत आणि काही रुग्णांना लघवीतून रक्त जाऊ लागलं. १९७२ च्या सुमाराला हे प्रयोग बंद पडले.

काय झालं होतं, ते आज आपल्याला कळतं. गुण त्या मिटलेल्या कड्यात होता, आणि औषध विरघळावं म्हणून नेमकं तेच उघडून ठेवलं होतं. रक्तात ते निरुपयोगी रूपात फिरायचं आणि मूत्राशयात पोचायचं. लघवी आम्लधर्मी असते, तिथे कडं पुन्हा मिटायचं आणि औषध जागं व्हायचं. जिथे कॅन्सर आहे तिथे झोपलेलं, जिथे नाही तिथे जागं. शिवाय माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन या उघड्या रूपाला घट्ट धरून ठेवतं, उंदराचं तितकं धरत नाही. म्हणून उंदराची परीक्षा पास आणि माणसाची नापास. ते वापरणारे डॉक्टर मूर्ख होते असं आमचं म्हणणं अजिबात नाही. औषध पेशीत नेमकं कुणाला जाऊन भेटतं हे माहीत नसेल, तर त्याचा कुठला अवयव हलवायचा नाही हे कसं कळणार? ‘याने उंदीर बरा होतो’ हे ज्ञान खरं होतं, पण त्या ज्ञानाला हातपाय नव्हते.

गंमत बघा. ज्या १९७२ साली अमेरिकेत या औषधावर पडदा पडत होता, त्याच साली मुंबईत त्याला नवं घर सापडलं. गोरेगावला सिबा या स्विस कंपनीचं संशोधन केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं होतं. त्याचे संचालक होते तिरुवेंकट राजेंद्र गोविंदाचारी, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेले, वनस्पतींमधल्या अल्कलॉइडांचे मोठे जाणकार. त्यांनी आणि विश्वनाथन यांनी आपल्या पश्चिम घाटातल्या एका झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवून दिलं. तेव्हा त्या झाडाचं शास्त्रीय नाव मॅपिया फीटिडा असं चाले, आता नोथापोडायटिस म्हणतात. फीटिडा म्हणजे दुर्गंधी. फुलांना घाण वास येतो, त्यावरून मराठीत नाव पडलं नरक्या. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली अशा पावसाच्या जंगलात ते वाढतं. आपल्या या शिरूर-दौंडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात ते सापडायचं नाही. तुमच्या घोड नदीचं पाणी वरच्या डोंगरातून येतं, तसली झाडी मात्र वरच राहते. चिनी आनंदवृक्षात हे द्रव्य फार थोडं, तर नरक्याच्या वाळल्या लाकडात शंभर ग्रॅमला ०.१ ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त मिळतं. नंदुरबारच्या माणसाने कॅरोलायनात बसून चिनी झाडातून जे काढलं, ते त्याच्या मूळच्या राज्याच्या डोंगरात त्याहून भरघोस पिकत होतं. पण १९७२ साली त्याला गिऱ्हाईक नव्हतं, कारण औषधच बाद झालं होतं.

आता डेलब्रुकच्या दोराकडे परत येऊ. १९७१ साली जेम्स वांग यांना एका जिवाणूत असं प्रथिन सापडलं की जे डीएनएचा साठलेला पीळ सोडवतं. पुढच्याच वर्षी शांपू आणि डल्बेको यांना सस्तन प्राण्यांच्या पेशींत तसंच एन्झाइम मिळालं. याच कुळाला पुढे टोपोआयसोमरेज हे नाव पडलं. ते दोराचा एक पदर कापतं. कापलेलं टोक हवेत सोडत नाही, स्वतःच्या अंगातल्या टायरोसिन या घटकाला जोडून धरून ठेवतं, दुसरं टोक दुसऱ्या पदराभोवती फिरतं, पीळ सुटतो, आणि मग ते दोन्ही टोकं सांधून निघून जातं. डेलब्रुकने सतरा वर्षांपूर्वी कागदावर मागितलेला कारागीर हाच. आम्हाला या इतिहासातली ही जागा फार आवडते. गरज आधी विचाराने ओळखली आणि वस्तू नंतर सापडली.

म्हणजे १९७२ साली टेबलावर दोन्ही गोष्टी होत्या. एक बाद झालेलं औषध आणि एक नवं एन्झाइम. त्यांची गाठ पडायला १९८५ उजाडलं. जॉन्स हॉपकिन्सचे लेरॉय लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कॅम्प्टोथेसिन या टोपोआयसोमरेज-एक लाच गाठतं. कसं गाठतं ते ऐका. एन्झाइमने पदर कापला, टोक हातात धरलं. आता सांधायचं, इतक्यात हा चपटा रेणू त्या फटीत पाचरीसारखा जाऊन बसतो. सांधता येत नाही. एन्झाइम कापलेलं टोक हातात धरून तसंच अडकून राहतं. तेवढ्याने पेशी लगेच मरत नाही. औषध काढून घेतलं तर पाचर निघते, टोकं सांधली जातात. पण त्याच वेळी पेशी दुभंगायच्या तयारीत असेल, डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा त्या दोरावरून धावत येत असेल, तर ती या अडकलेल्या कारागिरावर येऊन आदळते. मग दोरच दुभंगतो, दोन्ही पदर तुटतात, आणि हा घाव भरून काढणं पेशीला जड जातं. सतत दुभंगणाऱ्या कॅन्सरच्या पेशी यात जास्त सापडतात. केसांची मुळं, आतड्याचं अस्तर, रक्त तयार करणारी मज्जा याही सतत दुभंगत असतात, म्हणून त्यांनाही झळ बसते. केमोथेरपीत केस जातात, जुलाब होतात, ते यामुळेच.

आता आमचा पेच. तुम्ही म्हणाल, औषधाने एन्झाइम अडवलं, पीळ सुटेना, म्हणून पेशी मेली. म्हणजे ॲमिनोप्टेरिनसारखंच, अभावाने मरण. मग एक परीक्षा घेऊ. १९८८ मध्ये यीस्टवर, म्हणजे आंबवणाऱ्या बुरशीवर, ही परीक्षा प्रत्यक्ष झाली. यीस्टमधून हे एन्झाइम मुळातूनच काढून टाकलं. यीस्ट जगलं, कारण त्याचं काम दुसऱ्या एन्झाइमने भागवलं. मग त्या यीस्टला कॅम्प्टोथेसिन दिलं. काहीच झालं नाही! जे एन्झाइम नसल्याने पेशी मरत असती, तर ते मुळातच नसताना ती आधीच मरायला हवी होती. उलट ते नव्हतं म्हणूनच ती वाचली. आणि पेशीत हे एन्झाइम जितकं जास्त, तितकी ती या औषधाला जास्त बळी पडते.

म्हणजे हा चंद्रकांत मणी नव्हे. प्रतिबंधकाचा सिद्धांत इथे अर्धाच लागू पडतो. औषधाने एन्झाइमचं काम थांबवलं हे खरं, पण मारतं ते थांबलेल्या कामाचा अभाव नसून मध्येच थांबलेला कामगार. विहिरीवरचा कामगार कामालाच आला नाही, तर दिवस बुडतो एवढंच. पण त्याने कठडा अर्धा फोडला आणि तो तिथेच अडकून बसला, तर रात्री त्या वाटेने येणारा माणूस विहिरीत पडतो. उदयनाचार्यांना हे उदाहरण मिळालं असतं तर त्यांनी त्यावर एक वेगळं प्रकरण लिहिलं असतं, असं आम्हाला वाटतं. जीवशास्त्रज्ञ या प्रकाराला टोपोआयसोमरेजला ‘विष बनवणं’ म्हणतात, नुसता निरोध म्हणत नाहीत. आमच्या मते हा शब्द त्यांनी फार नेमका निवडला आहे. डीएनएवर घाव घालणारं घराणं आणि एन्झाइम अडवणारं घराणं, यांची इथे सोयरीक झाली. घाव पेशीच्याच कारागिराच्या हातून होतो, औषध फक्त त्याचा हात धरून ठेवतं.

हे कळल्यावर कपाटातलं औषध पुन्हा बाहेर आलं. आता माहीत होतं की पाचर म्हणून बसायला पाचवं कडं मिटलेलं हवं. मग रसायनतज्ज्ञांनी ते कडं तसंच ठेवलं आणि रेणूच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात विरघळणारे तुकडे जोडले. अशी दोन औषधं उभी राहिली, टोपोटेकान आणि इरिनोटेकान. इरिनोटेकान जपानमध्ये तयार झालं, आणि ते तयार करण्यात पुढे होती याकुल्ट कंपनी. हो, तीच, छोट्या बाटलीतलं आंबट-गोड दूध विकणारी. जपानमध्ये त्याला १९९४ साली परवानगी मिळाली. अमेरिकेत दोन्ही औषधांना १९९६ साली, टोपोटेकानला अंडाशयाच्या आणि इरिनोटेकानला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०१५ पासून इरिनोटेकान आहे. अलीकडे तर याच कुळातला रेणू प्रतिपिंडाच्या पाठीवर बांधून थेट गाठीपर्यंत पोचवतात. स्तनाच्या कॅन्सरवरची तशी औषधं अमेरिकेत २०१९ आणि २०२० साली आली. मनरो वॉल २००२ साली वारले, त्यांना त्यातली शेवटची पायरी पाहता आली नाही. वाणी ११ एप्रिल २०२० पर्यंत होते, पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले.

इरिनोटेकानची एक गोष्ट रुग्णाच्या घरच्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. हे औषध शरीरात गेल्यावर त्याचं कितीतरी तिखट रूप तयार होतं. यकृत त्या रूपाला साखरेचा एक तुकडा जोडून बाहेर काढतं. काही माणसांत यकृतातलं हे काम करणारं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. एरवी त्यांना काही त्रास नसतो, उपास घडला किंवा आजारपण आलं की डोळ्यांत किंचित पिवळी झाक येते इतकंच. अशा माणसाला नेहमीचा डोस दिला तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतात. २००५ पासून अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकातच ही सूचना आहे. घरात कुणाला अशी वारंवार किरकोळ कावीळ होत असेल, तर हे औषध सुरू होण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि काही दिवसांनी लागणारे जुलाब अंगावर काढू नका, त्याच दिवशी कळवा. यकृताने बांधून टाकलेलं तिखट रूप आतड्यातले जिवाणू पुन्हा सोडवतात, त्यातून ते जुलाब लागतात आणि ते जिवावर बेतू शकतात.

औषधाला गिऱ्हाईक आलं तसं नरक्यालाही आलं, आणि तिथून झाडाचे वाईट दिवस सुरू झाले. द्रव्य लाकडात आहे, म्हणून फांदी तोडून भागत नाही, झाडच आडवं करतात. सह्याद्रीतून पोत्यापोत्यांनी नरक्याच्या ढलप्या बाहेर गेल्या. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गच्या पानांवर नरक्याच्या तस्करीच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तोडणाऱ्याच्या हाती मजुरी पडते, आणि त्या ढलपीतून पुढे काय निघतं ते त्याला कुणी सांगत नाही. दक्षिण भारतातल्या औषधी वनस्पतींचा आढावा घेणाऱ्यांनी या झाडाची नोंद असुरक्षित म्हणून केली आहे. झाड न तोडता द्रव्य मिळवायचे प्रयत्न झाले. २००५ साली जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशी सापडली, ती स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते. त्यावर मोठी आशा बांधली गेली. पण अशा बुरशा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की द्रव्य देईनाशा होतात, हा नंतरचा अनुभव आहे.

आणि एक धोका नावाचा. नरक्याला काही भागांत अमृता म्हणतात. गुळवेलीलाही अमृता म्हणतात. नरक हेही नाव आणि अमृत हेही नाव, एकाच झाडाला! कवीला हे फार आवडेल, रुग्णाला परवडणारं नाही. ‘कॅन्सरवरची अमृता’ म्हणून कुणी ढलप्यांचा काढा दिला, तर तो गुळवेलीचा नसून नरक्याचा असू शकतो. त्यात पाचर आहे, पण मात्रा नाही आणि रक्त तपासणाराही नाही. विष योग्य युक्तीने दिलं तर औषध होतं हे चरकाने सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात सांगून ठेवलं आहे. त्यातला ‘युक्ती’ हा शब्द काढा विकणारा माणूस गाळतो.

शेवटी एक शंका, जी खरं म्हणजे एखाद्या शाळकरी मुलाने विचारायला हवी. झाडालाही डीएनए आहे, झाडाच्या पेशीही दुभंगतात, झाडातही टोपोआयसोमरेज आहे. मग अंगात एवढं विष बाळगून झाड स्वतः कसं मरत नाही? याचं उत्तर २००८ साली जपानमधल्या चिबा विद्यापीठातल्या गटाने दिलं. चिनी आनंदवृक्षाच्या एन्झाइममध्ये एका जागी अक्षर बदललेलं आहे. माणसाच्या एन्झाइमच्या मोजणीत ती जागा येते ७२२ वी, आणि पदर धरून ठेवणारं ते टायरोसिन आहे ७२३ व्या जागी, म्हणजे अगदी शेजारचं घर. शेजारी ॲस्परॅजिनच्या ठिकाणी सेरिन आलं की पाचर नीट बसत नाही आणि एन्झाइमचं काम मात्र चालू राहतं. कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या, पण दुसऱ्याच कुळातल्या आणखी एका वनस्पतीतही त्यांना नेमका हाच बदल मिळाला.

हा बदल शास्त्रज्ञांना नवा नव्हता. प्रयोगशाळेत माणसाच्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींना कॅम्प्टोथेसिन देत देत ज्या पेशी शेवटी त्याला दाद देईनाशा झाल्या, त्यांच्यात ७२२ व्या जागी हाच बदल आधीच सापडलेला होता. चीनच्या जंगलातल्या झाडाने आणि काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशीने, एकमेकांची खबर नसताना, सुटकेची एकच वाट काढली. औषध चालेनासं झालं की डॉक्टर ‘रेझिस्टन्स’ आला म्हणतात, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

घड्याळ आम्हाला दिसतं आहे. पाणी घेऊ, आणि मग मागच्या रांगेत दोन हात केव्हाचे वर आहेत, त्यांच्यापासून प्रश्न सुरू करू.